संकरित मोटार : दिसण्याचे मोल आणि धावण्याचे मोल

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. मोटारींची तुलना हा जाहिरातदारांचा उद्योग. अभ्यासवर्गात त्याचे काय काम, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. म्हणून हा विषय माझ्यापुढे कसा आला ते आधी सांगतो.

गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. तो एका सहकारी बँकेत कर्जखात्यात नोकरीला आहे, त्याची पत्नी शिक्षिका आहे. दोघांनी मिळून मोटार घ्यायचे ठरविले होते. त्याने माझ्यापुढे तीन दरपत्रके ठेवली. दोन संकरित, म्हणजे हायब्रिड गाड्यांची, दोन निरनिराळ्या कंपन्यांची. तिसरे साध्या पेट्रोल गाडीचे. "सर, या दोन हायब्रिडपैकी कोणती घ्यावी?" असा त्याचा सरळ प्रश्न होता. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला जे दिसले, ते आपल्यापुढे मांडावे असे वाटले.

माझ्या पिढीला 'हायब्रिड' हा शब्द मोटारीमुळे माहीत झाला नाही, तो ज्वारीमुळे झाला. १९६४ मध्ये सी.एस.एच.-१ हे संकरित ज्वारीचे वाण आले आणि पुढच्या काही वर्षांत हा इंग्रजी शब्द खेड्यापाड्यांतील बायाबापड्यांच्या तोंडी बसला. उतारा वाढला, पण भाकरीला पूर्वीची चव नाही, अशी तक्रारही घरोघर ऐकू येई. त्या वेळी एक गोष्ट शेतकऱ्याला पक्की ठाऊक होती. वाणाचे नाव काहीही असो, एकरी किती पोती आली यावर त्याची पारख करायची. मोटारीच्या बाबतीत हीच साधी कसोटी आपण विसरलो आहोत काय, हा माझ्या आजच्या बोलण्याचा मुद्दा आहे.

प्रथम यंत्राविषयी थोडे. साधी मोटार ब्रेक लावते तेव्हा तिच्या गतीतील ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. संकरित मोटारीत त्याच ऊर्जेने जनित्र फिरते, वीज बॅटरीत साठते आणि गाडी पुन्हा निघताना ती वीज इंजिनाच्या मदतीला येते. त्यामुळे थांबत-थांबत चालावे लागते अशा शहरी रहदारीत तिचा लाभ अधिक. तिला बाहेरून वीज भरावी लागत नाही. तिचे मूळ अन्न पेट्रोलच. हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण विजेवर चालणारी मोटार आणि संकरित मोटार यांची गल्लत नेहमी केली जाते आणि ती गल्लत विक्रेत्याला सोयीची असते.

ही कल्पना बाजारात प्रथम मोठ्या प्रमाणावर आणली ती जपानी कंपन्यांनी. टोयोटाने डिसेंबर १९९७ मध्ये जपानात 'प्रियस' विकायला काढली. त्याच महिन्यात क्योटो येथे जागतिक तापमानवाढीविषयीचा करार होत होता. होंडाने १९९९ च्या अखेरीस 'इनसाइट' आणली आणि अमेरिकेत प्रियसच्या काही महिने आधी पोहोचून तेथील पहिली संकरित मोटार हा मान मिळविला. अमेरिकेत दोन्हींची किंमत वीस हजार डॉलरांच्या आतच होती. तेथून पुढे पंधरा वर्षे या दोन गाड्यांची जी स्पर्धा झाली, ती गिऱ्हाइकाच्या मनाचा अभ्यास करणाऱ्याला मोठी उद्बोधक आहे.

दोन्हींची रचना भिन्न होती. होंडाने साधेपणाचा मार्ग धरला. इंजिन आणि गिअरपेटी यांच्यामध्ये विजेची एक पातळ मोटर बसविली. ती इंजिनाला हातभार लावी, पण स्वतःच्या बळावर गाडी ओढत नसे. टोयोटाने दोन विद्युत् यंत्रे आणि एक ग्रहचक्री गिअर यांची अशी जुळणी केली की मंद गतीत गाडी इंजिन बंद ठेवून निव्वळ विजेवरही चाले. पहिली रचना हलकी आणि स्वस्त, दुसरी गुंतागुंतीची आणि महाग.

काटकसर हाच निकष धरला तर पहिली फेरी निःसंशय होंडाने जिंकली. इनसाइटचे इंजिन एक लिटरचे आणि तीन सिलिंडरांचे होते, सांगाडा ॲल्युमिनियमचा होता आणि वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा म्हणून मागची चाकेसुद्धा झाकलेली होती. अमेरिकी सरकारच्या त्या वेळच्या चाचणीप्रमाणे महामार्गावर ती गॅलनमागे ७० मैल धावे. आपल्या हिशेबाने लिटरमागे जवळजवळ ३० किलोमीटर. परंतु तिच्यात बसायला जागा दोघांनाच! पोराबाळांचे कुटुंब तिच्यात मावेना. २००६ पर्यंत साऱ्या जगात मिळून ती सुमारे १७ हजारच खपली. प्रियस इतकी मितव्ययी नव्हती. पण तिच्यात पाच माणसे बसत. गिऱ्हाईक काटकसरीची कितीही वाखाणणी करो, ते आधी आपली माणसे मोजते आणि मग मैल मोजते, हा या फेरीचा धडा.

येथवर सारे सरळ आहे. खरे कोडे यापुढे आहे. होंडाने चूक ओळखली आणि २००२ मध्ये आपल्या लोकप्रिय 'सिव्हिक' गाडीचीच संकरित आवृत्ती अमेरिकेत आणली. पाच माणसे बसत, नाव विश्वासाचे, इंधनही कमी लागे. तथापि ती बाहेरून हुबेहूब साध्या सिव्हिकसारखी दिसे. मागील बाजूची छोटी पट्टी वाचल्याखेरीज ती संकरित आहे हे शेजाऱ्याला कळायचे नाही. टोयोटाने नेमके उलट केले. २००३ च्या शरद ऋतूत प्रियसची दुसरी पिढी आली ती पाठीला उतार असलेल्या अगदी वेगळ्या घडणीची. शंभर गाड्यांत ती लांबून ओळखू यावी. त्याच वर्षी ऑस्कर समारंभाला काही नटनट्या लांबलचक आलिशान मोटारींऐवजी प्रियसमधून आल्या आणि त्याची छायाचित्रे सर्वत्र झळकली. २००७ साली अमेरिकेत प्रियस १ लाख ८१ हजारांवर खपली, संकरित सिव्हिक ३२ हजारांच्या आसपास राहिली.

याचे कारण काय? २००७ च्या जुलैमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने एका बाजारपाहणीचे निष्कर्ष छापले. प्रियस घेणाऱ्यांपैकी ५७ टक्के लोकांनी खरेदीचे मुख्य कारण सांगितले ते असे की ही गाडी माझ्याविषयी काही सांगते. इंधनाची बचत हे मुख्य कारण सांगणारे ३६ टक्केच होते. पुढे २०१४ मध्ये स्टीव्हन सेक्स्टन आणि ॲलिसन सेक्स्टन या अर्थशास्त्रज्ञांनी कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या दोन राज्यांतील आकडेवारीवरून हाच प्रश्न तपासला. आपला पर्यावरणस्नेह इतरांना दिसावा एवढ्यासाठी प्रियसचे ग्राहक, राहत्या भागाच्या वृत्तीप्रमाणे, सुमारे ४३० पासून ४,२०० डॉलरांपर्यंत जास्त मोजायला तयार होते, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे थॉर्स्टीन व्हेब्लेनची आठवण होणारच. १८९९ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात त्याने 'दिखाऊ उपभोगा'चे विवेचन केले. श्रीमंत मनुष्य खर्च करतो तो वस्तूच्या उपयोगासाठी तेवढा नव्हे, जेवढा तो खर्च दिसावा म्हणून, असे त्याचे प्रतिपादन होते. सव्वाशे वर्षांनी या प्रवृत्तीने कूस बदलली आहे. आता उधळपट्टीबरोबर काटकसरही दिखाऊ झाली. दोन्ही सेक्स्टननी आपल्या निबंधात याच अर्थाचा शब्दप्रयोग केला आहे.

मी हे हिणवण्याच्या हेतूने सांगत नाही. चार लोकांत चांगले दिसण्याची इच्छा ही काही पाप नव्हे. खादी अंगावर घालणाऱ्या माणसालाही ती खादी दिसावी असे वाटतच होते, आणि दिसण्यानेच ती पसरली. तेव्हा दिसणारा सद्गुण हा खोटाच असतो असे मी म्हणणार नाही. माझा मुद्दा हिशेबाचा आहे. दिसण्याचे मोल ज्याला द्यायचे आहे त्याने ते स्वतःच्या खिशातून खुशाल द्यावे. ते सार्वजनिक तिजोरीतून दिले जाऊ लागले की तो तुमचाआमचा प्रश्न होतो.

आणि अमेरिकेत तेच घडले. २००५ च्या ऊर्जा कायद्यान्वये संकरित गाडी घेणाराला ३,४०० डॉलरांपर्यंत आयकरात सवलत मिळू लागली. प्रियसला ती ३,१५० डॉलर होती. एका कंपनीच्या ६० हजार गाड्या विकल्या गेल्या की सवलत टप्प्याटप्प्याने बंद व्हावी अशी तरतूद होती. त्यामुळे टोयोटाची सवलत सप्टेंबर २००७ अखेर संपली. कॅलिफोर्नियाने निराळीच ओवाळणी घातली. तेथे महामार्गांवर एकाहून अधिक माणसे नेणाऱ्या गाड्यांसाठी राखीव पट्टा असतो. गॅलनमागे ४५ मैल किंवा अधिक धावणाऱ्या संकरित गाडीला एकटा चालक असला तरी त्या पट्ट्यातून जाण्याची मुभा दिली गेली. अशा ८५ हजार चिकटपट्ट्या वाटल्या गेल्या आणि २०११ च्या मध्यापर्यंत ही मुभा चालली. जुन्या गाडीला ती पट्टी असेल तर जुन्या बाजारात तिची किंमत वाढे! आता पाहा, राखीव पट्ट्याचा हेतू चार माणसांनी एका गाडीतून जावे हा. तेथे एकट्या माणसाची गाडी सोडून तो हेतूच पातळ केला गेला. मग गिऱ्हाइकाने प्रियस निवडली ती इंधनासाठी, नावासाठी, की रोजचा अर्धा तास वाचावा म्हणून? बाजाराने कौल दिला, असे म्हणणाऱ्यांनी त्या कौलात सरकारची किती मते होती तेही मोजले पाहिजे.

स्पर्धेची शेवटची फेरी २००९ सालची. होंडाने इनसाइट हे नाव पुन्हा बाहेर काढले. या वेळी पाच दारे, पाच आसने आणि बाह्यरूप जवळजवळ प्रियसचे. किंमत कमी हे तिचे शस्त्र. जपानात ती १८ लाख ९० हजार येनला आली आणि एप्रिलमध्ये तेथील मासिक विक्रीत पहिल्या स्थानी गेली. संकरित गाडीला हे स्थान प्रथमच मिळाले. टोयोटाने तत्काळ उत्तर दिले. प्रियसची तिसरी पिढी २० लाख ५० हजार येनपासून ठेवली, आणि जुन्या पिढीची प्रियसही चालू ठेवून तिची किंमत नेमकी इनसाइटइतकी केली. वर्षअखेर जपानात सर्वाधिक खपलेली मोटार प्रियस ठरली. अमेरिकेत होंडाचे उद्दिष्ट वर्षाला ९० हजारांचे होते. २००९ मध्ये विकल्या गेल्या सुमारे वीस हजार. २०१४ मध्ये इनसाइटचे उत्पादन थांबले.

या निकालाचे श्रेय केवळ दिखाव्याला देणे अन्यायाचे होईल. सरकारी चाचणीत नवी प्रियस गॅलनमागे ५० मैल धावे आणि नवी इनसाइट ४१. प्रियस आकाराने मोठी असूनही अधिक मितव्ययी होती. टोयोटाची गुंतागुंतीची रचना अखेर सरस ठरली. पुढे होंडानेही आपली पातळ मोटर सोडून दोन विद्युत् यंत्रांची निराळी रचना स्वीकारली, यातच सारे आले. तेव्हा गिऱ्हाईक मूर्ख नसते. ते उपयोग पाहते, प्रतिष्ठा पाहते, सवलत पाहते आणि या तिन्हींची बेरीज करते. आपण पाहायचे ते एवढेच की या बेरजेतील कोणता आकडा समाजाच्या उपयोगाचा आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. संकरित सिव्हिक २००८ मध्ये भारतातही आली. आयात केलेली, किंमत सुमारे साडेएकवीस लाख, गिऱ्हाईक फिरकेना. त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीने किंमत सुमारे आठ लाखांनी उतरविली आणि पडून असलेल्या गाड्या हातोहात गेल्या. भारतीय गिऱ्हाइकाला संकरित गाडी नको नव्हती. त्या किमतीला नको होती.

दुसरा प्रसंग नावाचा. २०१५ साली केंद्र सरकारने विजेच्या आणि संकरित वाहनांना उत्तेजन देण्याची योजना सुरू केली. 'संकरित' या शब्दात सौम्य आणि पूर्ण असे दोन प्रकार मोडतात. सौम्य प्रकारात एक छोटे यंत्र इंजिन चालू-बंद करते आणि किंचित साहाय्य करते. विजेवर गाडी एक फूटही सरकत नाही. तरीसुद्धा अशा सौम्य संकरित डिझेल गाड्यांनाही सुमारे १३ हजार रुपयांचे अनुदान मिळत राहिले. एप्रिल २०१७ पासून सरकारला ते बंद करावे लागले. अनुदान कामाला नव्हते, नावाला होते. ज्वारीचे पीक न पाहता पोत्यावरील चिठ्ठी पाहून बक्षीस द्यावे, तसा हा प्रकार.

त्यानंतर लंबक दुसऱ्या टोकाला गेला. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा संकरित मोटारींवर २८ टक्के कर आणि १५ टक्के उपकर, एकूण ४३ टक्के बोजा पडला. विजेच्या गाडीवर १२ टक्के होता, तो ऑगस्ट २०१९ मध्ये पाचावर आला. सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेत मोठ्या मोटारींवर, संकरित असोत वा नसोत, ४० टक्के दर ठरला. विजेच्या गाडीचा पाच टक्के कायम राहिला. दरम्यान जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने पूर्ण संकरित गाड्यांचा नोंदणीकर माफ केला. यामागे कंपन्यांची रस्सीखेच उघड आहे. टोयोटा आणि मारुती यांना संकरित गाड्यांवर सवलत हवी. विजेच्या गाड्यांत भांडवल गुंतविलेल्या टाटा आणि महिंद्र यांचा तिला विरोध. यांतील पर्यावरणप्रेमाचा भाग किती आणि गुंतवणुकीच्या रक्षणाचा किती, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

आता माझ्या विद्यार्थ्याची दरपत्रके पाहू. ज्या दोन संकरित गाड्यांमधून निवड करायला तो आला होता, त्या होत्या मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर. दोन दुकाने, दोन माहितीपत्रके, दोन विक्रेते, दोघेही दुसऱ्याहून आपली सरस म्हणणारे. प्रत्यक्षात २०२२ मध्ये या गाड्या आल्या तेव्हा दोन्हींची बांधणी कर्नाटकातील बिडदीच्या एकाच कारखान्यात होत होती. संकरित यंत्रणा तीच, दीड लिटरचे इंजिन तेच, लिटरमागे सुमारे २८ किलोमीटरचा दावाही तोच. फरक तोंडवळ्याचा, नावाचा आणि दुरुस्तीच्या सेवेचा. ज्याला तो स्पर्धा समजत होता ती जुळ्या भावंडांची स्पर्धा होती! मी त्याला म्हटले, "या दोघींतले निवडण्यात तुझे फारसे काही अडत नाही. खरी निवड तिसऱ्या दरपत्रकाशी आहे. तू वर्षाला किती किलोमीटर जातोस?"

तो म्हणाला, बारा हजार. मग आम्ही कागद घेऊन बसलो. आकडे गृहीत आहेत, सोयीसाठी पूर्ण केलेले आहेत. प्रत्येकाने आपले घालून पाहावेत. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरले. माहितीपत्रकातील दावे बाजूला ठेवून रोजच्या वापरात साधी गाडी लिटरमागे १५ किलोमीटर आणि संकरित २१ किलोमीटर जाईल असे धरले. साध्या गाडीला किलोमीटरमागे सात रुपये पडतात, संकरितला पाच. बचत दोन रुपयांची. वर्षाला २४ हजार. आता संकरित गाडीची जादा किंमत अडीच लाख धरा. नऊ टक्क्यांनी त्या रकमेचे पहिल्या वर्षाचे व्याज होते साडेबावीस हजार. म्हणजे पेट्रोलवर वाचलेल्या २४ हजारांपैकी दीड हजार त्याच्याकडे उरले, बाकी बँकेकडे गेले. कर्जखात्यात काम करणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावे लागले याचे त्यालाच हसू आले.

मग मी त्याला दुसरा हिशेब करायला सांगितला. शहरात महिन्याला पाच हजार किलोमीटर धावणारी पेट्रोलची टॅक्सी घे. वर्षाचे साठ हजार किलोमीटर, बचत १ लाख २० हजार. जादा अडीच लाख साधारण दोन वर्षांत फिटतात; व्याज धरले तरी तीन वर्षांच्या आत. थांबत-थांबत चालणे हा तर टॅक्सीचा धर्मच, म्हणजे या यंत्राला अगदी अनुकूल. यावर माझा विद्यार्थी जे बोलला ते मला आजवर विसरता आलेले नाही. तो म्हणाला, "सर, आमच्या बँकेत खाजगी मोटारीला व्याजाचा दर कमी आहे आणि टॅक्सीला जास्त. आणि टॅक्सीवाल्याला पदरचे भांडवलही जास्त दाखवावे लागते."

साथींनो, सारा प्रश्न या वाक्यात आहे. संकरित यंत्राचा लाभ किलोमीटरच्या प्रमाणात वाढतो. जो सर्वाधिक धावतो त्याला आणि त्याच्याद्वारे साऱ्या समाजाला तिचा सर्वाधिक उपयोग. परंतु ते यंत्र विकत घेण्याची ऐपत, स्वस्त कर्ज आणि करमाफी ही सारी त्याच्याकडे जातात ज्याची गाडी बहुतेक वेळ वाहनतळावर उभी असते.

सरकारच्या बाजूने हाच हिशेब मांडून पाहा. माझ्या विद्यार्थ्याची गाडी संकरित झाली तर वर्षाला सुमारे २२९ लिटर पेट्रोल वाचेल. टॅक्सी झाली तर सुमारे १,१४३ लिटर, पाचपट. समजा सरकारने दोघांनाही एकेक लाखाची सवलत दिली. खाजगी गाडी दहा वर्षे वापरली तरी वाचलेल्या प्रत्येक लिटरमागे सरकारचे सुमारे ४४ रुपये गेले. टॅक्सी पाचच वर्षे चालली तरी लिटरमागे साडेसतरा. एकाच तिजोरीतील रुपया एका ठिकाणी अडीचपट काम करतो. मग तो दुसरीकडे का ओतावा?

येथे एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. आमच्याकडील पुष्कळ टॅक्सी आणि रिक्षा आधीच सीएनजीवर चालतात. त्यांची तुलना पेट्रोलशी करून कसे चालेल? खरे आहे. सीएनजीच्या टॅक्सीवाल्याला संकरित गाडी कदाचित परवडणारही नाही. परंतु त्यामुळे माझा मुद्दा ढिला न होता घट्टच होतो. मी संकरित गाडीची वकिली करीत नाही. संकरित, विजेची की वायूची हे नाव सरकारने पाहूच नये. किती माणसे, किती किलोमीटर, किती कमी इंधनात गेली एवढेच पाहावे, असे मी म्हणतो. त्या मापाने पाहिले तर पन्नास माणसे नेणारी एस.टी. बहुतेक सर्व खाजगी मोटारींना मागे टाकील.

टॅक्सीचा प्रश्न केवळ भांडवलाचा नाही, मालकीचाही आहे, हे न्यूयॉर्कच्या अनुभवावरून दिसते. मे २००७ मध्ये तेथील महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी २०१२ पर्यंत शहरातील सर्व पिवळ्या टॅक्सी संकरित करण्याची योजना जाहीर केली. तेथे पुष्कळ चालक पाळीच्या भाड्याने टॅक्सी घेतात. गाडी विकत घेतो मालक, पेट्रोल भरतो चालक. जादा किंमत एकाच्या माथी आणि बचत दुसऱ्याच्या खिशात. मग मालकाने संकरित गाडी का घ्यावी? मालकवर्ग न्यायालयात गेला. इंधनक्षमतेचे नियम करण्याचा अधिकार संघराज्य सरकारचा, शहराचा नव्हे, या कारणाने ऑक्टोबर २००८ मध्ये न्यायालयाने योजना थांबविली. मग नगरशासनाने भाड्याच्या कमाल मर्यादेत फरक करून मालकांना वळविण्याचा प्रयत्न केला. तोही रोखला गेला. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण ऐकण्यास नकार दिला. इंधन जाळणारा एक आणि यंत्र निवडणारा दुसरा असेल तेथे चांगले यंत्रही दाराशी थांबते. आपल्याकडेही दुसऱ्याची रिक्षा वा टॅक्सी रोजच्या भाड्याने चालविणारे कितीतरी आहेत, हे आपण जाणता.

मग आपली मागणी काय असावी? पहिली गोष्ट, करसवलत गाडीच्या नावाला न देता प्रत्यक्ष वाचणाऱ्या इंधनाच्या प्रमाणात द्यावी. दुसरी, ती प्रथम प्रवासी वाहनांना, म्हणजे बस, रिक्षा आणि टॅक्सी यांना मिळावी आणि त्यांच्या कर्जाचा दर खाजगी मोटारीहून अधिक नसावा. सहकारी बँकांतील आपल्या माणसांनी याची सुरुवात स्वतःच्या संचालक मंडळापासून करावी. तिसरी, जेथे गाडी एकाची आणि श्रम दुसऱ्याचे, तेथे बचतीतला वाटा चालकाला मिळेल असा करार सक्तीचा व्हावा. २०११ च्या जनगणनेत या देशातील ४.७ टक्के कुटुंबांकडेच मोटार, जीप किंवा व्हॅन होती. त्यानंतर हे प्रमाण वाढले असले तरी मोटार नसलेले अजूनही बहुसंख्य आहेत, आणि माफ केलेल्या कराची तूट सोसणाऱ्यांत तेही आहेत.

हे मागताना मोटार घेणाऱ्या मध्यमवर्गीयाला मात्र आपण दोष देऊ नये. बस वेळेवर येत नाही, आली तर पाय ठेवायला जागा नसते, म्हणून तो कर्ज काढतो. माझ्या विद्यार्थ्याने अखेर साधी पेट्रोलची गाडी घेतली. परवा त्याचा फोन आला. वाचलेल्या अडीच लाखांचे काय केलेस, असे मी विचारले. तो म्हणाला, "सर, ते वाचले नाहीत, ते मी कर्जच कमी काढले." आणि मग थोडे थांबून म्हणाला, "टॅक्सीच्या व्याजदराचा विषय पुढच्या बैठकीत टिपणात घालतो आहे. आकडे तुम्ही एकदा तपासून द्याल का?"

मी ते तपासून दिले आहेत. आपल्यापैकी जे जे पतसंस्थांत आणि बँकांत आहेत, त्यांना हवे असतील तर त्यांनी सभा संपल्यावर माझ्याकडून उतरून घ्यावेत.